सही कुणाची चालते? अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरने कुठे राहावं, कुठे काम करावं

टेक्ससमधल्या एल पासोहून न्यू मेक्सिकोतल्या लास क्रुसेसला गाडीने पाऊण तासात पोचता येतं. रस्ता एकच, आय-१० महामार्ग. दोन्ही शहरांना तेच वाळवंट, तीच रिओ ग्रांदे नदी, तसेच रखरखीत डोंगर. दवाखान्यात येणारी माणसंही सारखीच: घरी स्पॅनिश बोलणारी, शेतात नाहीतर बांधकामावर राबणारी, मधुमेह आणि रक्तदाब अंगावर काढून मगच येणारी. पण मधे राज्याची हद्द लागते, आणि ती ओलांडली की नर्स प्रॅक्टिशनरच्या सहीचं वजन बदलतं.

मी या रस्त्याच्या दोन्ही टोकांना काम केलं आहे. म्हणून मागच्या महिन्यात एका धाकट्या मैत्रिणीने फोन केला तेव्हा तिला लगेच उत्तर देववेना. ती विचारत होती, "ताई, दोन ऑफर आल्यात. एक टेक्ससची, एक न्यू मेक्सिकोची. टेक्ससवाले वर्षाला पंधरा हजार डॉलर जास्त देतायत. घेऊन टाकू ना?" मी म्हटलं, सही करू नकोस, आधी बोलू. ते बोलणं पुढे तीन रविवार चाललं. तिच्यासारख्या अजून पुष्कळ जणी आणि जण याच वळणावर उभे असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

आधी थोडक्यात, ज्यांना हा पेशा नवा आहे त्यांच्यासाठी. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे सगळे म्हणतात तसं एनपी, ही आधी रजिस्टर्ड नर्स असते. त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट करून, राष्ट्रीय परीक्षा देऊन ती रुग्ण तपासते, निदान करते, चाचण्या सांगते आणि औषधं लिहून देते. या शिक्षणाची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने केली. खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांना बघायला कुणी नव्हतं, त्यातून ही कल्पना निघाली. आज अमेरिकेत एनपीला नोकरी मिळेल का, हा प्रश्नच उरलेला नाही. खरा प्रश्न आहे तो कुठल्या राज्यात, कुणाच्या शेजारी बसून आणि कुठल्या अटींवर.

शुक्रवार, साडेचार वाजता

एल पासोतल्या माझ्या क्लिनिकमधली एक गोष्ट सांगते, म्हणजे कायदा आपोआप कळेल.

नऊ वर्षांचा मुलगा. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास आहे आणि मिथाइलफेनिडेटने त्याची शाळा सुरळीत चालू आहे. गोळ्या संपल्या. आई बिनपगारी सुट्टी टाकून त्याला घेऊन आली आहे. मी त्याचं वजन केलं, रक्तदाब पाहिला, भूक-झोप विचारली, शाळेतून आलेली टिपणं वाचली. सगळं ठीक. आता फक्त तेच औषध पुन्हा लिहून द्यायचं. पण मिथाइलफेनिडेट हे केंद्र सरकारच्या नियंत्रित औषधांच्या यादीत शेड्यूल दोन या कडक वर्गात मोडतं, आणि टेक्ससमध्ये एनपीला शेड्यूल दोनची औषधं लिहिण्याची मुभा फक्त इस्पितळात आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषेत, आहे. बाहेरच्या क्लिनिकमध्ये नाही. आमचे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या शाखेत होते आणि तिथे त्यांच्यासमोर रांग होती. मी तीन वेळा फोन केला. आई प्रतीक्षागृहात बसून राहिली. मुलगा खुर्च्यांखालून रांगत होता, ती त्याला पुन्हा पुन्हा ओढून शेजारी बसवत होती. सव्वासहाला तिला तसंच घरी पाठवलं. औषध रात्री साडेनऊला फार्मसीकडे गेलं, आणि फार्मसी नऊला बंद झाली होती.

यात डॉक्टरांची चूक नव्हती, माझीही नव्हती. कायदाच तसा आहे. पुढे लास क्रुसेसला गेले, आणि तिथे हेच औषध, तशाच मुलासाठी, मी तपासणीच्या खोलीत बसल्या बसल्या पाठवते.

अमेरिकेत एनपीने काय करावं हे केंद्र सरकार ठरवत नाही, प्रत्येक राज्य ठरवतं. राज्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिल्या गटात पूर्ण अधिकार: तपासा, निदान करा, औषध लिहा, सगळं नर्सिंग मंडळाच्या लायसन्सवर, डॉक्टरशी करार न करता. पंचवीसहून जास्त राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी या गटात आहेत. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो, ओरेगन, वॉशिंग्टन, मिनेसोटा, मेन ही त्यातली काही. दुसऱ्या गटात कामाच्या एखाद्या भागासाठी, बहुतेकदा औषधं लिहिण्यासाठी, डॉक्टरशी लेखी सहकार्य-करार लागतो. पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशी. तिसऱ्या गटात डॉक्टरची देखरेख किंवा त्याने सोपवलेला अधिकार हाच कामाचा पाया. टेक्सस, जॉर्जिया, उत्तर कॅरोलिना या गटातली.

टेक्ससमध्ये डॉक्टर एका लेखी कराराने औषधं लिहिण्याचा अधिकार 'सोपवतो', आणि सर्वसाधारणपणे तो पूर्णवेळच्या सात जणांपर्यंतच सोपवता येतो. हा आकडा सगळ्यात आधी ध्यानात घ्यायचा. कारण तुमचे डॉक्टर उद्या निवृत्त झाले, भांडून गेले किंवा आजारी पडले, तर दुसरा डॉक्टर मिळून नवा करार होईपर्यंत तुम्ही औषध लिहू शकत नाही. तुमचं शिक्षण, तुमचा अनुभव, तुमचे रुग्ण सगळं जागेवर असतं आणि हात मात्र बांधलेले असतात. जे स्वतःचं क्लिनिक काढतात त्यांना तर या करारासाठी डॉक्टरला दरमहा पैसे मोजावे लागतात.

हे तीन गट नकाशावर तीन रंगांत दाखवलेले असतात, आणि नवशिके तो नकाशा पाहूनच निर्णय घेतात. रंग पुरेसे नाहीत. राज्याराज्यांच्या तपशिलात केवढा फरक असतो! न्यू यॉर्कमध्ये ३,६०० तासांचा अनुभव झाल्यावरच करार सुटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये देखरेखीखाली दोन वर्षं. मिनेसोटात २,०८० तास, म्हणजे पूर्णवेळचं साधारण एक वर्ष. इलिनॉयमध्ये ४,००० तास आणि वर २५० तासांचं शिक्षण. फ्लोरिडाने २०२० साली दार उघडलं, पण ३,००० तासांनंतर आणि फक्त प्राथमिक उपचारांसाठी. तिथे त्वचारोगतज्ज्ञाकडे काम करणाऱ्या एनपीला त्याचा उपयोग नाही. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला, तो २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला: आधी तीन वर्षं किंवा ४,६०० तास, मग डॉक्टर असलेल्या संस्थेत स्वतंत्र काम, आणि त्यानंतर आणखी तीन वर्षांनी पूर्ण मोकळीक.

म्हणून राज्याचं नाव ऐकल्यावर लगेच विचारायचं: अधिकार कधीपासून, किती तासांनंतर, कुठल्या शाखेसाठी, आणि ते तास दुसऱ्या राज्यातले धरतात का. उत्तर त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या संकेतस्थळावरच वाचायचं. दोन वर्षांपूर्वी तिथे नोकरी केलेल्या मैत्रिणीवर विसंबून चालत नाही, कारण कायदे भराभर बदलतात. कॅन्सस २०२२ साली पूर्ण अधिकाराच्या गटात आलं, यूटा २०२३ साली.

आणि काही गाठी अशा आहेत की कुठल्याही राज्यात गेलात तरी सुटत नाहीत, कारण त्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्राच्या आरोग्यविम्याच्या, नियमांत आहेत. मेडिकेअर एनपीच्या नावाने आलेल्या बिलावर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के पैसे देतं. मधुमेही रुग्णाच्या पायांना जखम होऊ नये म्हणून जे खास बूट मिळतात, त्यांच्या कागदावर अजूनही डॉक्टरचीच सही लागते. माझ्या रुग्णांत एक आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांचं इन्सुलिन मी ठरवते, पायाची जखम मी धुते, बोटांतली संवेदना गेल्याचं निदान माझं. बुटांसाठी मात्र त्यांना, त्यांनी आयुष्यात एकदाही न पाहिलेल्या डॉक्टरांकडे जावं लागलं. हे मला आजही लागतं.

याच्या उलट टोकाला माजी सैनिकांची सरकारी इस्पितळं. व्हेटरन्स अफेअर्सने डिसेंबर २०१६ मध्ये नियम काढून आपल्या एनपींना पूर्ण अधिकार दिला, राज्याचा कायदा काहीही असो. फक्त नियंत्रित औषधांच्या बाबतीत राज्याचं बंधन राहतं. टेक्सससारख्या राज्यातच राहायचं असेल, घरच्यांच्या नोकऱ्या तिथेच असतील, तर ही वाट जरूर पाहावी. मात्र तिथे अमेरिकन नागरिकांना प्राधान्य असतं.

लायसन्स एक नसतं

इथे हमखास घोटाळा होतो. नर्सचं लायसन्स बऱ्याच राज्यांत आपोआप चालतं, कारण चाळीसहून अधिक राज्यांनी आपापसांत करार केला आहे. टेक्सस आणि न्यू मेक्सिको दोन्ही त्यात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क नाहीत. पण हा करार साध्या नर्सच्या लायसन्सचा आहे, एनपीचा नव्हे. एनपीसाठी वेगळा करार २०२० साली तयार झाला, तो सुरू व्हायला सात राज्यं लागतात आणि तेवढी जमलेली नाहीत. म्हणजे आज प्रत्येक राज्यासाठी एनपीचं वेगळं लायसन्स, आणि नियंत्रित औषधं लिहायची तर डीईएची, म्हणजे अशा औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याची, नोंदणीही राज्यागणिक वेगळी. तिची फी तीन वर्षांना ८८८ डॉलर आहे. ती कोण भरणार, हे ऑफर घेताना विचारा.

घर बदललं की आणखी एक बारीक नियम आहे: करारातल्या एका राज्यातून दुसऱ्यात कायमचं राहायला गेलात, तर नव्या राज्याच्या नर्स लायसन्ससाठी साठ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

घरबसल्या टेलिहेल्थ, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण बघणं, करायचं ठरवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तुम्ही कुठे बसला आहात एवढ्याने भागत नाही, रुग्ण कुठे बसला आहे त्या राज्याचं लायसन्स लागतं. डोंगरातल्या घरात बसून दहा राज्यांतले रुग्ण बघायचे असतील, तर दहा लायसन्सं, दहा नूतनीकरणं, दहा प्रकारचे नियम.

आणि शाखा जुळते का ते पाहा. फॅमिली एनपीचं प्रमाणपत्र घेऊन आयसीयूत नोकरी मिळतेही कधी कधी, पण मिळाली म्हणजे मंडळाला ती मान्य आहे असं नाही. तुमचं शिक्षण ज्या रुग्णगटासाठी झालं, त्याबाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची, नोकरी देणाऱ्याची नव्हे.

कायदा मुभा देतो, शिकवत नाही

एवढं ऐकून मैत्रीण म्हणाली, "मग झालंच की ताई. न्यू मेक्सिको." मी म्हटलं, अजून नाही.

माझं ठाम मत आहे, आणि यावर काही सहकाऱ्यांशी माझे वादही झाले आहेत: पहिल्या नोकरीसाठी पूर्ण अधिकार ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे शेजारच्या खोलीत कोण आहे. नवी एनपी शिकून बाहेर पडते तेव्हा तिला पुष्कळ माहीत असतं, पण काय माहीत नाही हे अजून कळलेलं नसतं. छातीत जळजळ म्हणून आलेली पन्नाशीची बाई, ईसीजी जवळजवळ सरळ, आणि मनात काहीतरी खटकतंय. अशा वेळी दार ठोठावून "जरा बघता का?" म्हणता आलं पाहिजे, आणि समोरच्याने कपाळाला आठी न घालता उठलं पाहिजे. पूर्ण अधिकाराच्या राज्यात, शंभर मैलांत एकटंच क्लिनिक, आणि त्यात तुम्ही एकट्या, हे पहिल्या वर्षी मला नको होतं. कुणालाही नको.

म्हणून नव्यांनी वर्षभराच्या फेलोशिपचा विचार करावा. एनपींसाठी असा पहिला कार्यक्रम २००७ साली कनेटिकटमधल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्राने सुरू केला, आता देशभर बरेच आहेत. त्या वर्षी पगार कमी मिळतो. पण रुग्णसंख्या हळूहळू वाढवतात, प्रत्येक केसवर बोलायला माणूस असतो, आणि त्वचा, सांधे, मानसिक आरोग्य अशा ठिकाणी फिरवून आणतात. मला ती संधी मिळाली नव्हती. मिळाली असती तर पहिल्या दोन वर्षांतल्या कितीतरी रात्री मी शांत झोपले असते.

उलटही खरं आहे. राज्याने पूर्ण अधिकार दिला म्हणजे इस्पितळाने दिला असं नाही. इस्पितळाची स्वतःची नियमावली असते, ती राज्यापेक्षा कडक असू शकते. पूर्ण अधिकाराच्या राज्यातही काही इस्पितळं एनपीच्या प्रत्येक चार्टवर डॉक्टरची सही मागतात. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका: इथे एनपीला कुठले विशेषाधिकार आहेत, ते कुठल्या कागदावर लिहिले आहेत, आणि तो कागद मला वाचायला मिळेल का. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं नसतं ते लगेच पाठवतात.

पंधरा हजारांचा हिशेब

आता पैशांचं बोलू, कारण मैत्रिणीचा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एनपींचा मधला पगार वर्षाला १,२६,२६० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. तिच्या ऑफर याच्या दोन्ही बाजूंना होत्या: टेक्ससमधलं अर्जंट केअर (वेळ न घेता येणाऱ्या रुग्णांचं तातडीचं क्लिनिक) १,३२,०००, लास क्रुसेसजवळचं सामुदायिक आरोग्य केंद्र १,१७,०००.

तिचा पहिला मुद्दा, टेक्ससला राज्याचा आयकर नाही. बरोबर. पगारावर राज्याचा कर नसलेली नऊ राज्यं आहेत. फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन ही त्यातलीच. न्यू मेक्सिकोत तिचे साधारण चार-पाच हजार डॉलर करात गेले असते. म्हणजे पंधराचा फरक वीसच्या घरात गेला. पण टेक्सस तो पैसा घरावरच्या करातून वसूल करतं. घराच्या किमतीच्या दीड टक्क्याच्या आसपास दरवर्षी भरावे लागतात. चार लाखांचं घर घेतलं की वर्षाला सहा हजार, आणि भाड्याने राहिलात तर घरमालक तेच भाड्यात लावतो.

मग तिने एक शक्कल काढली: राहायचं एल पासोत, काम करायचं लास क्रुसेसमध्ये. पूर्ण अधिकारही आणि करही नाही! असं होत नाही. पगारावरचा कर जिथे काम करता तिथे लागतो, त्यामुळे न्यू मेक्सिको तिच्याकडून कर घेणारच. उलटं केलं, म्हणजे न्यू मेक्सिकोत राहून टेक्ससमध्ये काम केलं, तरी न्यू मेक्सिको आपल्या रहिवाशाच्या सगळ्या कमाईवर कर लावतं. उत्तरेला पोर्टलंड आणि व्हँकुव्हर या जोडशहरांतही हीच गंमत आहे. व्हँकुव्हर वॉशिंग्टन राज्यात, तिथे पगारावर कर नाही, पण नदी ओलांडून पोर्टलंडला काम करणाऱ्याला ओरेगनचा कर भरावाच लागतो. हद्दीवर राहणाऱ्यांनी घर बघण्याआधी हे एकदा हिशेबनिसाकडून समजून घ्यावं.

मग मी तिला विचारलं, दिवसाला रुग्ण किती? टेक्ससमध्ये सव्वीस ते अठ्ठावीस, न्यू मेक्सिकोत अठरा. सव्वीस रुग्ण आठ तासांत बघता येतात, पण त्यांचे चार्ट आठ तासांत लिहून होत नाहीत. ते घरी येतात. जेवणं झाली, मुलं झोपली की लॅपटॉप उघडायचा. रोज दीड तास धरला तरी वर्षाच्या ४८ आठवड्यांत ३६० तास होतात. आता भागाकार करा. टेक्ससचे १,३२,००० भागिले २,२८० तास, म्हणजे तासाला ५८ डॉलरच्या आत. न्यू मेक्सिकोचे १,१७,००० भागिले १,९२० तास, म्हणजे जवळजवळ ६१. राज्याचा कर वजा केला तरी तो आकडा ५८च्या खाली जात नाही. ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.

पुढे कॉन्ट्रॅक्टमधली विम्याची ओळ. चुकीच्या उपचाराचा दावा झाला तर संरक्षण देणारा विमा दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात घटना विम्याच्या काळात घडली एवढं पुरतं, दावा दहा वर्षांनी आला तरी चालतं. दुसऱ्या प्रकारात दावा येईल त्या दिवशी विमा चालू असावा लागतो. म्हणजे नोकरी सोडली की मागच्या सगळ्या रुग्णांच्या बाबतीत तुम्ही उघड्यावर, जोपर्यंत 'टेल' नावाचं वाढीव संरक्षण विकत घेत नाही. ते अनेकदा वार्षिक हप्त्याच्या दीड-दोन पट पडतं. टेक्ससची ऑफर दुसऱ्या प्रकारची होती, आणि टेलबद्दल त्यात एक शब्द नव्हता. न्यू मेक्सिकोचं केंद्र केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं होतं. अशा केंद्रांना सरकारने मान्यता दिली असली की त्यांच्या कर्मचाऱ्यांवरचे दावे सरकार अंगावर घेतं, टेलचा प्रश्नच येत नाही.

त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये आणखी एक अट होती: नोकरी सोडल्यावर आसपास दुसरीकडे काम करायचं नाही. कॅलिफोर्नियात असली अट चालतच नाही, मिनेसोटात जुलै २०२३ पासूनच्या करारांत चालत नाही. टेक्ससने सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या करारांसाठी नर्सेसनाही संरक्षण दिलं आहे: बंदी एक वर्षापेक्षा जास्त नाही, पाच मैलांपलीकडे नाही, आणि ती सोडवून घेण्याची रक्कम वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. तिच्या कागदावर वीस मैल लिहिलेले होते. जुना नमुना कुणीतरी तसाच छापला असावा. पण सही झाल्यावर त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा सहीआधी खोडून घेणं केव्हाही सोपं. काही शे डॉलर देऊन वकिलाकडून कॉन्ट्रॅक्ट वाचून घ्या. एवढा खर्च कराच.

शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर सगळं गणितच फिरतं. केंद्र सरकार टंचाईचे भाग ठरवतं आणि प्राथमिक उपचारांसाठी त्यांना शून्य ते पंचवीस गुण देतं. गुण जास्त, तेवढी टंचाई मोठी. अशा भागात मान्यताप्राप्त ठिकाणी दोन वर्षं पूर्णवेळ काम केलं तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ५० हजार डॉलरपर्यंत कर्ज फेडतं, प्राथमिक उपचार देणाऱ्यांसाठी अलीकडे ७५ हजारांपर्यंतही, आणि त्या रकमेवर केंद्राचा आयकर लागत नाही. नर्स कोअर नावाची दुसरी योजना दोन वर्षांत नर्सिंगच्या कर्जाचा ६० टक्के भाग फेडते. शिवाय सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं केंद्राचं कर्ज माफ होतं. पंधरा हजार जास्त देणारं खासगी अर्जंट केअर यातल्या एकाही योजनेत बसत नव्हतं.

व्हिसावर असाल तर मात्र सावध. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरला नागरिकत्व लागतं, नर्स कोअरला निदान ग्रीन कार्ड. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा कामाच्या जागेला बांधलेला असतो; दुसऱ्या महानगर-क्षेत्रात बदली झाली तर नवा अर्ज करावा लागतो. एकाच संस्थेच्या दुसऱ्या शाखेत जाताना लोक हे विसरतात. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, त्यामुळे संस्था निवडताना ती किती वर्षं टिकून आहे आणि आधी किती जणांचे अर्ज तिने शेवटपर्यंत नेले, हे पगाराइतकंच महत्त्वाचं. त्या नोकरीत तुम्हाला कदाचित मनात नसतानाही बरीच वर्षं काढावी लागतील.

जागा पाहून या

ग्रामीण भागाबद्दल दोन्हीकडून अतिशयोक्ती ऐकू येते. तिथे एनपीला खरंच मान आहे. १९७७ च्या ग्रामीण क्लिनिकांच्या कायद्याप्रमाणे अशा क्लिनिकमध्ये ते उघडं असेल त्यातल्या निदान अर्ध्या वेळात एनपी, फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स-मिडवाइफ हजर असावीच लागते, तुमच्याशिवाय ते चालूच शकत नाही. एकाच घरातल्या तीन पिढ्या तुमच्याकडे येतात, आणि त्यातून जे समाधान मिळतं ते शहरातल्या अर्जंट केअरमध्ये मला मिळालं नाही. पण हृदयविकाराचा झटका आलेला माणूस समोर असताना हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे उडू शकत नाही असं कळतं, ते चाळीस मिनिटंही तिथलीच असतात. किराण्याच्या दुकानात लोक बाही वर करून पुरळ दाखवतात. नवऱ्याला किंवा बायकोला तिथे काम मिळेल का, मुलांची शाळा कशी आहे, विमानतळ किती तासांवर, भारतातून रात्री अडीचला वाईट बातमीचा फोन आला तर पहिलं विमान कधी मिळेल, हे सगळं निवडीतच धरायचं असतं. मी असे दोन जण पाहिले आहेत, ज्यांना काम मनापासून आवडलं आणि तरी घरासाठी वर्षाच्या आत परतावं लागलं. करार मोडल्याचे पैसेही भरावे लागले.

म्हणून ऑफर आली की तिथे तीन-चार दिवस जाऊन राहा. एक दिवस क्लिनिकमध्ये बसा, पण व्यवस्थापकाबरोबर नव्हे, एनपीबरोबर. ती जेवायला उठते का बघा. संध्याकाळी कितीला पर्स उचलते बघा. आणि गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या एनपीचा नंबर मागून घ्या.

मैत्रीण लास क्रुसेसला जाऊन आली. तिथल्या जुन्या एनपीला तिने मीच शिकवलेला प्रश्न विचारला: शुक्रवारी साडेचारला अडलात तर फोन कुणाला करता? त्या बाईंनी फोन काढला नाही. उठून उजवीकडच्या दाराकडे बोट दाखवलं, मग डावीकडच्या. एका खोलीत वीस वर्षांच्या अनुभवाची एनपी, दुसरीत बालरोगतज्ज्ञ. दोघींची दारं उघडी होती.

एल पासोच्या अर्जंट केअरला तिने हाच प्रश्न ईमेलने विचारला होता. उत्तर आलं की एक हॉटलाइन आहे.

सध्या ती न्यू मेक्सिकोच्या लायसन्सचा अर्ज भरते आहे. बोटांचे ठसे देऊन झालेत, विद्यापीठातून गुणपत्रिका यायची आहे. नोकरी ऑगस्टपासून म्हणतायत. मी तिला सप्टेंबर धरायला सांगितलंय, कारण विमा कंपन्यांकडे नाव नोंदवून व्हायलाच तीन-चार महिने सहज जातात.